खड्याची बाजू पायाकडे

हॅलो?

हां ताई, बोल… नाही गं, झोपलो नव्हतो. दुपारी कोण झोपतं?… बरं बाई, मी झोपतो. पण आज नाही झोपलो… काही नाही, बसलोय असाच. बटण शिवतोय… शर्टाचं. दुसरं कसलं असणार?… मीच शिवतोय, त्यात काय? रिटायर माणसाने आपली बटणं आपण शिवावीत. प्रत्येक गोष्टीला मानसी, मानसी करून कसं— आई गं!… काही नाही, काही नाही. सुई टोचली. तू बोल.

जान्हवी कशी आहे?… टाके?… हां, ते जरा दिवस लागतात… आणि हे मागे ओरडतंय ते तेच का? अरे वा! आवाज झकास आहे गं बाळाचा. पुढे नगरसेवक होणार… दूध पितंय ना? मग ओरडू दे. फुप्फुसं मोकळी होतात.

रविवारी, हो. माहितीये… येणार का म्हणजे काय? मामाआजोबा आहे मी त्याचा! सकाळीच निघतो दोघं. घोडबंदरवरनं येतो, तास लागो की दीड लागो. मधे एवढं जंगल आडवं पडलंय म्हणून, नाहीतर मुलुंड आणि बोरिवली भिंतीला भिंत लागून आहेत… प्रीतमला नाही जमणार, सुट्टी नाही त्याला. आम्ही दोघंच.

काय आणायचंय? सांग की. पेढे?… मग?

हां.

हो… हो हो. ऐकलं… ऐकू येतंय ताई, मोठ्याने नको बोलूस. आईची गोधडी.

विसरेन कसा? आपल्याकडे त्या गोधडीशिवाय पाळणा हलतो का? माझं बारसं तिच्यावर, जान्हवीचं तिच्यावर, प्रीतमचं तिच्यावर… आणणार ना. आणतो की… हो गं, खड्याची बाजू पायाकडे. मला काय शिकवतेस? प्रत्येक बारशाला आई पाळण्याशी उभी राहून तेच ओरडायची. ‘तिकडे डोक्या नको गे, खडो आसा, टोचतलो!’… हो ना. कसला खडा ते कुणी कधी विचारलं नाही. मला वाटायचं शिवताना सुपारी गेली असेल आत. वरचं लुगडं दोनदा बदललं तिने, पण आतलं कधी उसवलं नाही… हं… हं… नाही, मी कुठे विषय बदलतोय? बोलतोय की.

कुठेय म्हणजे? घरातच आहे… कपाटात… कुठल्या म्हणजे? लोखंडी. नाही, थांब, लोखंडी कपाटात होती, मग मानसीने पावसाळ्याआधी माळ्यावर टाकली. डांबरगोळ्या घालून. एकदम व्यवस्थित.

फोटो? आत्ता?

अगं, माळ्यावर चढायचं म्हणजे शिडी लागते. शिडी वॉचमनकडे असते. वॉचमन जेवायला जातो… साडेतीनला जेवतो तो, त्याला कोण काय बोलणार? आणि मला डॉक्टरने खांदा वर करायला मना केलंय, तुला माहितीये… मानसी कशी चढेल? तिचे गुडघे… मानसी, काही नाही गं! ताई आहे फोनवर. तू पड आत.

ऊन? दाखवतो ना. चांगलं ऊन दाखवून आणतो. ऊन तर तिने भरपूर खाल्लंय… म्हणजे खाईल. शनिवारी टाकतो गच्चीवर… नाही, धुवायला नको, विरेल ती. मी नुसती झटकून आणतो… वास नाही मारत! तू येऊन बघ… नको, येऊ नकोस, बाळंतिणीला टाकून कुठे येतेस. मी आणतोय ना.

हं.

काय? धनुष्यबाण? माझं?

चाललंय की… मस्त चाललंय. आज कशी काय आठवण झाली तुला? मागे तर म्हातारचळ म्हणाली होतीस… म्हणालीस! दिवाळीला, सगळ्यांसमोर. भावोजी हसून हसून फराळ सांडत होते… बरं, जाऊ दे. सांगतो.

अगं, खांदा आखडला होता ना माझा. डॉक्टरने रबर दिलं, म्हणे रोज ओढा. भिंतीकडे तोंड करून रबर ओढायला काय कंटाळा येतो माहितीये? मग मोबाईलवर व्हिडिओ बघत ओढायचो. एकदा धनुष्याचा व्हिडिओ लागला. म्हटलं, ओढायचंच आहे तर हेच का ओढू नये?… हो, तिथून लागलं खूळ. आता रात्रंदिवस तेच बघतो. कुठला कुठला माणूस, कोरियातला, फिनलंडचा, गॅरेजमध्ये उभा राहून शिकवतो. भाषा समजत नाही, पण हात समजतात.

नाही नाही, जड नाही. सगळ्यात हलकं घेतलं. पहिली गोष्ट तीच सांगतात. नवशिक्याने जड धनुष्य घेऊ नये. लोक मिशीला पीळ देऊन घेतात आणि आठवड्याने शेक घेत बसतात… हॅ हॅ, हो, मी आधीच शेक घेऊन झालो होतो.

डाव्या हाताला ना, काही विकतचं लागत नाही. जुना मोजा घ्यायचा, पंजा कापून टाकायचा आणि आत पुठ्ठा सरकवायचा. दोरी सुटताना हाताला चाटून गेली की काळंनिळं होतं गं, मानसीला वाटलं मला कुणी मारलं. आणि बोटांना माझ्या कोल्हापुरीचा तुकडा. अंगठा तुटला होता तिचा, फेकत होती मानसी. मी चामडं कापून बोटांच्या मापाचं केलं… हो, आईचंच रक्त आहे. काही फेकायचं नाही.

बाण न लावता दोरी सोडायची का? कधीच नाही! बाण न लावता ताणायचं आणि सोडायचं, हे सगळ्यात मोठं पाप. धनुष्य तडकतं. एवढा ताणलेला जोर, त्याला जायला बाण नको का?… हं. माणसाचंही तसंच असेल. आज फार खोल बोलतेयस तू.

आणि दोरीला मेण. मेणबत्तीचं नाही चालत, ते कडक होऊन पापुद्रे धरतं. मधाच्या पोळ्याचं मेण. थोडंसं घ्यायचं आणि बोटाने चोळायचं, चोळायचं, ऊब लागेपर्यंत… हो, सांगितलंय ना मी त्या… कशात सांगितलंय?… असंच. लोकांना सांगतो.

गच्चीवर. आमच्या बिल्डिंगच्या. सेक्रेटरीची परवानगी आहे. दुपारची वेळ, कुणाचे पापड-कुरडया नसतील तेव्हा, आणि दाराला कडी लावून. नियम म्हणजे नियम… बोर्ड विकतचा कशाला? पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा आणि आत जुने कपडे, प्लास्टिकच्या पिशव्या ठासून भरायच्या. गच्च. वर कागदाचा गोल… लागतो की! खोक्याला लागतो. म्हणजे बऱ्याचदा लागतो… मधल्या ठिपक्याला? मधल्या ठिपक्याला अजून नाही. एकदाही नाही, खरं सांगतो. प्रीतम म्हणतो, पप्पा, ठिपका सोडून सगळीकडे तुमचा नेम आहे.

हुकला तर मागे जातो… मागे पाण्याची टाकी आहे. सिमेंटची… मोडतात ना! सुरुवातीला मोडलेच. एक बाण म्हणजे काय स्वस्त पडतो का? म्हणून मग मागे काहीतरी टांगायचं. हे सुद्धा त्या गॅरेजवाल्यानेच शिकवलं. ताणून नाही बांधायचं, वरून सोडायचं, खाली मोकळं. बाण लागला की कापड झुलतं, आणि झुलता झुलता बाणाचा जोर पिऊन टाकतं. भारी दिसतं गं!… चादर नाही चालत. चादर लावली होती, आरपार गेला, जोशीबाईंच्या तुळशीत. सतरंजी लावली, तिच्यातूनही गेला. नुसतं जाड असून भागत नाही, थर पाहिजेत. एकावर एक थर, मऊ झालेले, वापरलेले, आणि हाताने जवळजवळ टाके घातलेले, म्हणजे—

जाड कापड. एवढंच.

कुठलं म्हणजे? कापड. जुनं… गच्चीवर काय काय पडलेलं असतं कुणाकुणाचं… ताडपत्री. हां. ताडपत्रीच आहे ती.

हो. ताडपत्री.

हिरव्या काठाची… काय म्हणालीस?

ताई?

हिरव्या काठाचं तुला कुणी सांगितलं?

कुठला व्हिडिओ? मी? मी कुठे टाकला?… परिवार ग्रुपवर? तो दोरीचा आहे गं. दोरीला मेण कसं लावायचं. त्यात नुसते माझे हात आहेत, धनुष्य आहे, आणि… मागे? मागे काय दिसतंय? थांब, थांब हं. फोन चालू ठेव, मी बघतो… हे काय… अरे देवा.

वाट लागली.

हो, दिसतंय. काठ दिसतायत. आणि बाण पण… साळिंदर झालंय तिचं. मी हातच बघत होतो गं टाकताना. मागे बघितलंच नाही. पंधरा दिवसांपूर्वी काढून ठेवलेला होता. आज सकाळी एकाने विचारलं मेण कुठलं लावता, म्हणून टाकून दिला. तुम्हा सगळ्यांना मीच लिहिलं, बघा आणि लाईक करा.

म्हणजे तू फोन केलास तेव्हाच तुला माहीत होतं?… आणि मला माळ्यावर चढवलंस? वॉचमनला जेवायला पाठवलंस?… नाही, हो. मीच पाठवलं. मीच चढलो. बरोबर आहे तुझं.

बोल. बोल तू, मी ऐकतोय.

हो.

हो… आईचं सामान वाटलं तेव्हा. आठवतं मला. तू तिच्या पाटल्यांकडे बघितलं सुद्धा नाहीस. एक गोधडी मागितलीस फक्त. आणि मी… हो, मी रडलो. एवढा घोडा, तिथे जमिनीवर बसून रडलो, की ती माझ्यासाठी शिवली होती, मी धाकटा, मला हवी. तू ती उचललीस, घडी केलीस आणि माझ्या मांडीवर ठेवलीस. मला सगळं आठवतं ताई. नको सांगूस पुढचं.

कशी लावली काय सांगू? पहिल्यांदा वाटलं, एक दिवस लावून बघू. नुसतं बघू. आणि तिने बाण असा अलगद धरला… काही झालंच नाही तिला, असं वाटलं. टाचणी टोचल्यासारखं भोक. म्हटलं, आईचे टाके आहेत, काय होतंय. मग दुसऱ्या दिवशी लावली. मग लावतच गेलो. मानसीने सांगितलं होतं, दोनदा सांगितलं. मी म्हटलं, कपाटात पडून तरी काय करतेय? वापरात तरी आहे… हो. हे असं म्हणालो मी. माझ्याच तोंडाने. जीभ झडायला हवी होती.

भोकं… मोजली नाहीत. लहान आहेत सगळी. वाटाण्याएवढी… बरीच आहेत.

लाज वाटते ताई. खरंच. बाळ झालं तेव्हापासून तुझा फोन आला की चार रिंगा वाजू देतो, मग उचलतो. तुला बारशासाठी हवी असणार हे काय मला ठाऊक नव्हतं? डोहाळजेवणालाच ठाऊक होतं.

नको, असं नको म्हणूस. ‘राहू दे, नको आणूस’ असं नको म्हणूस. शिव्या दे. मारायला ये. बाळाला दुकानातल्या त्या प्लास्टिकच्या गादीवर नको ना ठेवूस… ताई? ताई, ठेवू नकोस फोन! ऐक ना. अगं ऐक ना! एक सांगायचं राहिलंय… गोधडीचंच. पण हे त्याहून वाईट आहे… कारण हे मला गेल्या गुरुवारपासून माहितीये आणि मी तुला सांगितलं नाही.

ठेवत नाहीस ना?… बरं.

मी शर्टाचं बटण शिवत नव्हतो. गोधडीच आहे मांडीवर. आत्ता, या घटकेला. माळ्यावर वगैरे काही नाही.

गुरुवारी काय झालं. शेवटचा बाण. नेहमीसारखा खोक्याच्या बाजूने गेला. आता कापडात बाण गेला की कसा, भप्प असा आवाज येतो. हा टक् वाजला. गोधडीत टक् कसं वाजेल? मला वाटलं टाकीला लागला. गेलो बघायला. तर कोपऱ्यात. आपल्या खड्यात… हो, त्याच. बरोब्बर खड्यात. बाण ओढला, सरळ ओढायचा असतो, मी घाबरून वाकडा ओढला, तर वरचं लुगडं टरकन फाटलं. तळहाताएवढं. आणि आतला थर बाहेर आला.

पिवळा.

पिवळा आहे ताई. त्यावर पांढरे ठिपके.

…हॅलो?

आहेस ना?

हो, मिलमधलाच तुकडा. बाबांनी आणलेला. अगं मी कसा बघितला असेन, माझा जन्म कुठे झाला होता? पण तू आयुष्यभर सांगितलंयस ना. पिवळा फ्रॉक, पांढरे ठिपके, पुढे खिसा, खिशावर बदक. बदक आईने स्वतः भरलेलं, आणि डोळ्याच्या जागी लाल बटण. तो घालून गॅदरिंगला नाचलीस, आणि चाळीतल्या पोरी खिशाला हात लावायला यायच्या. आणि मग एक दिवस शाळेतून आलीस तर खुंटीवर फ्रॉक नाही. आई म्हणाली, ‘तो बोहारणीक दिलंय.’… हो, पातेल्यावर. आणि त्या पातेल्यातला भात तू किती दिवस खाल्ला नाहीस ते बाबा सांगायचे.

आहे ना. बदक आहे. खिसा तसाच्या तसा आहे, उसवला पण नाही तिने. चोच नारिंगी आहे, पाय जरा विटलेत… बटण पण. खडा म्हणजे तेच गं. बदकाचा डोळा.

रडू नकोस… बरं, रड.

बोहारणीला नव्हता दिला ताई. माझ्यासाठी फाडला होता. मी व्हायचो होतो ना तेव्हा. तुला सहावं असेल. घरात मऊ कापड तेवढंच असणार, बाकी काय, बाबांचे मिलचे सदरे, जाडेभरडे. बाळाच्या अंगाला लागायला काहीतरी मऊ हवं… हो, मग तुला का नाही सांगितलं? मी गुरुवारपासून हाच विचार करतोय. सांगितलं असतं तर तू मला मांडीवर घेतलं असतंस का? मी आल्या आल्या तुझा फ्रॉक खाल्ला म्हणून तू माझ्याकडे बघितलं तरी असतंस का?… तेच तर. राग तिने बोहारणीवर ढकलला. एखाद्या बोहारणीला जन्मभर शिव्या बसल्या, ती बिचारी आली पण नसेल त्या दिवशी.

पातेलं? पातेलं विकत आणलं असेल. खोटं पुरं करायला.

नाही, नाही. असं नको म्हणूस. शेवटच्या आजारपणात तू तिला बोलली नाहीस, चिडवत होतीस. ‘आता तरी सांग, माझा फ्रॉक कुठल्या बोहारणीला दिलास’ म्हणून. आणि ती हसली ना?… हसली. मी होतो तिथे. तिला राग नव्हता आला. तेव्हा सांगू शकली असती ती, पण मी बसलो होतो ना पायाशी. माझ्यासमोर कशी सांगेल?

आणि एक बघ. आई कपडा फाडायला घेतला की आधी काय करायची? बटणं कापायची. सगळी बटणं पावडरच्या डब्यात. तिने जन्मात एक बटण वाया घालवलं नाही. बोहारणीला सदरा द्यायची तो सुद्धा बटणं काढून. आणि हे नाही काढलं. बाळाला टोचेल हे ठाऊक असून नाही काढलं. डोळा काढवला नसेल तिला. तसाच आत शिवला आणि मग जन्मभर प्रत्येकाला सांगत बसली, खड्याची बाजू पायाकडे.

नेम?… हो ना. पक्ष्याच्या डोळ्यातच. आयुष्यात एकदा नेम लागला, तोही न बघता, आणि हा असा… हसतेयस का? की रडतेयस?… दोन्ही कर.

का नाही सांगितलं… तेच सांगतोय. तेच सांगायला जमत नाहीये.

फ्रॉकचं सांगितलं असतं तर भोकाचं सांगावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो. तुझा फ्रॉक, तू इतकी वर्षं ज्याचं बोलतेयस तो माझ्या हातात होता, फोन उचलायचा आणि ‘ताई, सापडला’ एवढंच म्हणायचं होतं. आणि मी माझं तोंड वाचवत बसलो. एवढंच नाही. आज सुईदोरा घेऊन बसलो. म्हटलं, रविवारच्या आत ठिगळ लावून टाकू, वरून कुणाला काय कळतंय. तुझा फोन आला तेव्हा मी तो परत आत शिवत होतो. आईने एकदा शिवला तो मला वाचवायला. मी पण मलाच वाचवायला शिवत होतो.

बोल काहीतरी. 

नाही, अजून शिवलेला नाही. दोनच टाके घातलेत, आणि ते पण कसले, वाकडे. बोटातून रक्त काढलं नुसतं… उसवू? उसवतो. आत्ता उसवतो… नको? हात नको लावू? बरं. नाही लावत. तू शिवशील? बरं बरं. मी फक्त आणायचं.

पण एक आहे. बटण… बटण फुटलं ताई. बाणाचं टोक लोखंडी असतं. दोन तुकडे झाले. एक खिशाला लटकतोय, एक मला गच्चीवर शोधून सापडला. रांगत रांगत शोधला मी. काडेपेटीत ठेवलाय… नाही, चिकटणार नाही. बघितलं मी प्रयत्न करून. आता खडा राहिलाच नाही गं त्यात. हाताने दाबलं तरी सगळीकडे सारखीच मऊ लागते. एवढ्या पोरांचे पाय त्या बाजूला ठेवले आपण. आता कुठली बाजू पायाकडे ठेवणार?

…

काय?

डोकं?… बाळाचं डोकं त्या बाजूला?

अगं पण आई नेहमी… हो. हो, ते खरंय. आता टोचायला काही नाही… खिसा वर काढायचा? उघडा? असाच दिसायला हवा? सगळ्यांना दिसेल मग… हो, दिसू दे. कुणी विचारलं तर सांगीन. मीच सांगीन. भोकांचं पण मीच सांगीन, तू नको सांगूस… ठरलं. डोक्याकडे.

आणि ताई, परत नको देऊस मला. बारसं झालं की तिथेच ठेव. बोरिवलीला… नाही, मनापासून. तेव्हाच द्यायला हवी होती… मागे लावायला? अगं पोतं लावीन. तांदळाचं पोतं. नाहीतर सोडून देईन तो नाद, रबर ओढेन भिंतीकडे तोंड करून… हो? सोडू नको म्हणतेस?… बरं. पोतं लावतो.

फोटो? पाठवतो ना. आत्ता पाठवतो. शिडी नाही लागणार, मांडीवरच आहे… बदकाचाच पाठवतो. नुसता बदकाचा. भोकं नाही… बरं, भोकं पण. सगळं पाठवतो.

ताई, अजून रागावलीयस का?… सांग ना. रागावलीस तरी चालेल, पण… ताई?

हॅलो?… हॅलो?

ठेवला.

मानसी! अगं ए मानसी, झोपलीस का? जरा इकडे ये. या बदकाचा एक फोटो काढून दे गं. भोकं पण दिसू देत.